शून्य पावसाची नोंद

पावसाळ्यातील एखाद्या दिवशी स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत पावसाच्या रकान्यात शून्य आढळले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक तर पाऊस पडलाच नसेल, किंवा पडलेला पाऊस यंत्राने मोजलाच नसेल. आकडा मात्र दोन्ही वेळी सारखाच दिसतो. भारतात हवामानावर आधारित पीकविम्याची सरकारी योजना २००७ साली सुरू झाली. या पद्धतीत भरपाई ठरते ती शेतातील पीक पाहून नव्हे, तर नेमून दिलेल्या केंद्राच्या नोंदींवरून. अतिवृष्टीने पीक वाहून गेले आणि नोंद शून्याची असली, तर शेतकऱ्याचा हक्क बुडतो. म्हणून शून्य खरे की खोटे, हे ओळखता येणे महत्त्वाचे असते.

अशा केंद्रातील पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे एक लहानसे पात्र असते. एक कप्पा भरला की पात्र कलते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. ही कल्पना सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाली. पात्राला जोडलेला चुंबक प्रत्येक वेळी एका स्विचजवळून जातो व विजेचा क्षणिक स्पंद निर्माण होतो. डेटा लॉगर हे नोंदयंत्र फक्त स्पंद मोजते. पावसाशी त्याचा थेट संबंध येत नाही. एका स्पंदाला किती पाऊस मानावयाचा, हे त्याला माणसानेच सांगावे लागते.

येथेच पहिली चूक संभवते. पात्र अर्ध्या मिलिमीटरला कलणारे असताना यंत्रात ०.२ हा आकडा भरला, तर १० मिलिमीटर पाऊस ४ मिलिमीटर म्हणून नोंदला जाईल. दुसरी चूक घड्याळाची. भारतात दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतात. यंत्राचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले, तर ते साडेपाच तास मागे असते. त्याच्या ८.३० वाजता आपल्याकडे दुपारचे २ वाजलेले असतात. मग सकाळी ८.३० नंतर दुपारपर्यंत पडलेला पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतो.

तपासणीची रीत सोपी आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल, तर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३१४ घनसेंटिमीटर पाणी. एवढे पाणी अर्ध्या तासात हळूहळू ओतले असता अर्ध्या मिलिमीटरच्या पात्राने सुमारे २० वेळा कलले पाहिजे. पाणी घाईने ओतल्यास पात्र कलत असताना काही पाणी न मोजताच निसटते आणि नोंद कमी येते. या चाचणीची वेळ वहीत लिहून ठेवणे अगत्याचे आहे. नाहीतर ओतलेले पाणीही पाऊस म्हणून मोजले जाईल.

नोंद मुळीच होत नसेल, तर दोष एका टोकाकडून शोधत जावा. प्रथम यंत्रापाशी स्पंदाच्या तारा सोडवून ती दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडावीत. आकडा वाढला नाही, तर दोष यंत्रात किंवा त्याच्या मांडणीत आहे. वाढला, तर तारा पुन्हा जोडून पात्र हाताने कलवावे. आता नोंद झाली नाही, तर स्विच किंवा तार बिघडलेली असते. नोंद झाली, तर विजेचा भाग निर्दोष ठरतो आणि कारण बहुधा नरसाळ्यात सापडते: अडकलेले पान, चिखल, कोळ्याचे जाळे किंवा पक्ष्याची विष्ठा.

बॅटरी उतरल्याचा दोष निराळा. ढगाळ हवेत सौरफलकाला पुरेसे ऊन मिळत नाही, बॅटरी भरत नाही आणि यंत्र थांबते. अशा वेळी रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना निदान माहिती नसल्याचे सांगतो. त्या जागी शून्य भरून मोकळे होणे ही मोठी चूक होय. म्हणून पावसाबरोबर बॅटरीचा दाबही नोंदावा आणि शेजारी साधा, हाताने मोजावयाचा पर्जन्यमापक ठेवावा. साध्या मापकात पाणी साठले आणि यंत्रात शून्य असले, तर ते शून्य खोटे आहे हे त्याच सकाळी कळते.