घोडनदीचा सत्पुरुष

शिक्रापूरहून नगर रस्त्याने पुढे गेलं की शिरूर लागतं. जुनी मंडळी त्याला घोडनदीच म्हणतात. पेशवाईच्या अखेरीस इथे इंग्रजांची छावणी होती. कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी 31 डिसेंबर 1817 च्या रात्री इथूनच कोरेगाव भीमाकडे निघाली.

छावणी उठली, थडगी राहिली. त्यांतलं एक कर्नल वॉलेसचं, 1809 सालचं.

परक्या लष्करी अधिकाऱ्याच्या थडग्याकडे खरं तर कोण फिरकणार? पण गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवलं. सुगीचं पहिलं धान्य त्याला नैवेद्य म्हणून ठेवत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. वीरगळाला शेंदूर लावणाऱ्या मुलखाला हा साहेब फारसा परका वाटला नसावा.