आर्यभटाचा ऑसिलेटर

संगणकाकडून ‘सा’ काढून घ्यायचा, तर कमीत कमी किती सामान लागतं? उत्तर एका ओळीचं आहे. हातातला आकडा एका ठरावीक गुणकानं गुणायचा, त्यातून त्याच्या मागचा आकडा वजा करायचा, उरेल तो पुढचा आकडा. मग पुन्हा तेच. पांढरी सहाचा स्वर, म्हणजे सेकंदाला ४४० आवर्तनं, सीडीच्या वेगानं (सेकंदाला ४४,१०० आकडे) हवा असेल तर गुणक येतो १.९९६०७. सुरुवातीला शून्य आणि एक लहानसा आकडा हाती दिला, की ज्येचा, म्हणजे साइनचा, तो गोलाईदार वक्र आपोआप उमटत जातो. तक्ता साठवायला नको, दर वेळी ‘साइन’ काढत बसायला नको. एक गुणाकार आणि एक वजाबाकी यांत डिजिटल ऑसिलेटर संपतो. गेली कित्येक वर्षं या ओळीनं मला धरून ठेवलं आहे.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, ती भराभर उरकतो. येणाऱ्या आकड्यांवर बेरजा-गुणाकार करून नवे आकडे बाहेर सोडणारी रीत म्हणजे डिजिटल फिल्टर. बाहेर पडलेला आकडा पुन्हा आत वळवला की तो फीडबॅकचा फिल्टर झाला. मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की शिट्टी वाजते, ती फीडबॅकचीच, फक्त बेलगाम. लगाम असतो मागच्याच्या मागच्या आकड्याच्या गुणकात. तो एकाहून कमी असेल तर स्वर विरत जातो, जास्त असेल तर फुगत जातो, नेमका एक असेल तर टिकतो. आपल्या ओळीत नुसती वजाबाकी आहे, म्हणजे हा गुणक नेमका एक आहे. दुसरा गुणक थोडा चुकला तरी स्वराची उंची हलते, स्वर मरत नाही. फोनची बटणं दाबल्यावर येणारे आवाज असेच काढता येतात. प्रत्येक बटणाला दोन स्वर असतात. ‘१’ दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्‌झ एकत्र वाजतात. पलीकडे ते ओळखायला गर्ट्‌झेलची १९५८ची पद्धत वापरतात आणि तिच्या पोटातही हीच ओळ आहे.

फीडबॅकची एक वेगळी गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८३ साली केव्हिन कारप्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज काढायची एक रीत प्रसिद्ध केली. काही शे आकड्यांची रांग घ्यायची, तीत मनाला येतील ते आकडे भरायचे आणि रांग फिरवत राहायचं. प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी पुन्हा आत घालायची. सुरुवातीचा खरखराट क्षणात तारेच्या नादात बदलतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे. घोडीवर तारेखाली दोरा केसभर सरकतो आणि नाद उघडतो. सरासरीच्या या फिल्टरमध्ये तो उघडा नाद येत नाही, कारण त्याला घोडीचा वक्र माहीत नसतो. तरीही एवढ्याशा गणितातून तार बोलते, याचं मला अजून अप्रूप आहे.

आता आपल्या ओळीची खरी अडचण. ती खालच्या स्वरांत येते. स्वर जितका खाली, तितका गुणक २ च्या जवळ जातो. १६ बिटांत हा गुणक मांडला तर दशांश भागाला १४ बिट उरतात, म्हणजे तो १/१६,३८४ एवढ्या पायऱ्यांनीच बदलू शकतो. २ च्या लगेच खालची पायरी ५४.८ हर्ट्‌झचा स्वर देते, तिच्या खालची एकदम ७७.५ चा. मधे काहीच नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९.३ हर्ट्‌झला बोलते. ती नेमकी या दरीत पडते.

उपाय सोपा आहे. गुणक २ च्या जवळ असेल तर तो अख्खा कशाला साठवायचा? २ पासून तो किती कमी आहे, तेवढाच लहान आकडा वेगळ्या मापानं साठवावा. मग ओळ अशी होते: लागोपाठच्या दोन आकड्यांतल्या मागच्या फरकातून हातातल्या आकड्याचा एक लहान अंश वजा करा म्हणजे नवा फरक मिळेल, तो आकड्यात मिळवा म्हणजे पुढचा आकडा मिळेल.

आणि हे वाक्य इसवी सन ४९९ च्या सुमाराचं आहे. आर्यभटीयाच्या गणितपादातला बारावा श्लोक, टीकाकारांनी लावलेल्या एका अर्थानं, हेच सांगतो. वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला केल्या की त्रिज्या ३४३८ येते. २२५ कलांच्या अंतरानं, म्हणजे पावणेचार अंशांनी, चोवीस ज्या काढायच्या आहेत. पहिली ज्या २२५, पहिला फरकही २२५. ज्येला २२५ नं भागून फरकातून वजा करा: २२४. ज्या झाली ४४९. तिला २२५ नं भागलं की जवळजवळ २, म्हणून फरक २२२ आणि ज्या ६७१. पुढे फरक २१९, २१५, २१०. कागद-पेन्सिल घेऊन वाचकांनी हे करून बघावंच. सातव्या पायरीला हा नियम २०४ देतो आणि आर्यभटाच्या यादीत मात्र २०५ आहे. खरं उत्तर २०५ च आहे. म्हणजे यादी नुसता नियम गिरवून झालेली नाही, भूमितीनं ती पडताळलेली असावी, असं माझं मत. शेवटचा फरक ७ येतो आणि सगळ्या फरकांची बेरीज बरोबर ३४३८ भरते. आर्यभट तिथे थांबला, कारण पुढच्या ज्या याच उलट क्रमानं येतात. गणित पुढे चालवलं असतं तर फरक ऋण झाला असता, ज्या उतरून शून्याखाली गेली असती आणि पुन्हा वर आली असती. स्वराला एवढंच तर लागतं.

भाजक २२५ हा थोडा ढोबळ आहे. सुमारे हजार वर्षांनी केरळातल्या नीलकंठ सोमयाजीनं तंत्रसंग्रहात २३३½ घेतला. आजच्या त्रिकोणमितीनं काढलं तर तो २३३.५३ येतो. हा दुरुस्त आकडा मला अख्ख्या ज्यागणितात सर्वांत देखणा वाटतो.

संगणकाच्या जगात हीच रीत निराळ्या वाटेनं आली. एमआयटीत मार्विन मिन्स्की वर्तुळ काढायची आज्ञावली लिहीत होता. एक रजिस्टर वाचवायच्या नादात दुसऱ्या ओळीत जुन्या आकड्याऐवजी नुकताच बदललेला आकडा वापरला गेला. खरं तर जुनाच आकडा वापरला असता तर वर्तुळ फुगत बाहेर सुटलं असतं. या चुकीमुळे ते मिटलं. १९७२ च्या ‘हॅकमेम’ या टिपणसंग्रहात ती रीत १४९ व्या क्रमांकाला नोंदली आहे. आर्यभटाच्या नियमातही आधी फरक बदलतो आणि मग तोच ताजा फरक ज्येत मिळतो. क्रम तोच, गणित तेच.

हे कानांनी ऐकायचं तर सोपं आहे. दोन्ही भाजक घ्या, पूर्णांकात न छाटता दशांश ठेवून गणित चालवा, आणि आकडे सीडीच्या वेगानं स्पीकरला द्या. नीलकंठाचा भाजक ९६ पायऱ्यांत एक फेरी पुरी करतो, त्याचा स्वर ४५९.४ हर्ट्‌झ. आर्यभटाचा भाजक फेरी थोडी लवकर पुरी करतो, त्याचा स्वर ४६८ हर्ट्‌झ, म्हणजे काळी पाचच्या किंचित वर. दोघांत एका अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं अंतर पडतं. एकदम वाजवले तर जोडाच्या तारा मिळालेल्या नसताना येतो तसा आवाज चढतो-उतरतो, सेकंदाला साडेआठाहून थोडा जास्त वेळा. भाजक २२५ वरून हळूहळू २३३½ कडे नेत राहिलं की हे हेलकावे लांबत जातात आणि शेवटी दोन्ही स्वर एक होतात.