येरमाळ्याची थकबाकी: एका दशकाचा मागोवा

प्रधानमंत्री मुद्रा योजनेला 8 एप्रिल 2025 रोजी दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा वाटलेल्या कर्जांचे आकडे मोठ्या अभिमानाने मांडले गेले. पन्नास हजारांपर्यंतच्या ‘शिशू’ किंवा पाच लाखांपर्यंतच्या ‘किशोर’ कर्जावर उभी राहिलेली, धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या खेड्यापाड्यांतील दुकाने पुढे का थकली, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात मागेच राहिला. त्याआधीच्या चार दशकांतील स्वयंरोजगार योजनांवर शाई खर्च करण्याचे कारण नाही, कारण त्यांची नावे बदलली तरी अर्जासोबतच्या कागदांची चळत तीच राहिली. दखल घ्यावी ती उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती बँकेची: तेरणा आणि तुळजाभवानी या साखर कारखान्यांकडे तिची मोठी कर्जे अडकली, ती स्वतःच पंगू झाली आणि हंगाम ओळखून कर्जाचे ‘नवे-जुने’ करणारी, म्हणजे जुने खाते मिटवून त्याच दिवशी नवे काढून देणारी, जवळची संस्था गावांना दुरावली. कारखान्यांच्या संचालकांना थकबाकीदार म्हणताना जी जीभ अडखळते, ती दुकानदाराच्या बाबतीत कधी अडखळलेली नाही.

मुद्राचे दशकच दुष्काळात उगवले. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पाऊस परतला आणि उधारी वसूल होण्याच्या ऐन हंगामात, 8 नोव्हेंबरला, नोटा रद्द झाल्या. सहाच दिवसांत जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्याने शेतकऱ्याचा पैसा आणि दुकानदाराची वही दोन्ही एकदमच गोठली.

थकण्याची खरी रीत कृषी सेवा केंद्राच्या वहीत दिसते. ज्येष्ठ-आषाढात बियाणे व खत उधार जाते, सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, परंतु बँकेचा हप्ता दरमहा असतो आणि तो नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचे, ठरते. जुलैचा चुकलेला हप्ता सोयाबीन बाजारात येईतो ही मुदत ओलांडून बसतो. वही खरी असते, गिऱ्हाईक ओळखीचे असते, तरीही माणूस थकबाकीदार होतो. याउलट पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज गल्ल्यातून थोडेथोडे नेतो, म्हणून व्याज चढे असूनही तिचा हप्ता कमी चुकतो.

येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेवर वर्ष काढणाऱ्या नारळ-कुंकवाच्या दुकानांची गत निराळी नव्हती. 2020 ची चैत्र पौर्णिमा योगायोगाने 8 एप्रिललाच, मुद्राच्या पाचव्या वर्धापनदिनी, टाळेबंदीत आली. टाळेबंदीत मिळालेली हप्ते पुढे ढकलण्याची सवलत 31 ऑगस्टला संपली, मंदिरे मात्र 16 नोव्हेंबरला उघडली. सवलतीच्या काळात व्याज चढतच होते, आणि 2021 ची यात्राही बंद मंदिरांच्या काळातच आली.

शेतकऱ्यांना 2017 व 2019 मध्ये कर्जमाफी मिळाली, ती योग्यच होती. पण बियाण्याची उधारी तिच्यात बसत नव्हती. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीन कुजले, तेव्हा शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळाली, आणि त्याच सोयाबीनवर उधारी सोडलेल्या दुकानदाराच्या व्यवसायकर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच लागत राहिला.