ईस्टबोर्नची मृत्युपत्रं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नमध्ये समुद्रालगतच्या रस्त्यानं चालत निघालं, की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या हॉटेलांची लांबच लांब ओळ आणि मध्ये फुलांचे ताटवे दिसतात. दुकानांची रांग मात्र कुठेच लागत नाही. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर खेळांच्या मशिनींचा खणखणाट असतो, तळलेल्या माशांचा वास असतो. ईस्टबोर्नची शांतता कागदावर लिहून ठेवलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इथली बहुतेक जमीन दोन घराण्यांकडे होती, डेव्हनशरच्या ड्यूकचं कॅव्हेंडिश घराणं आणि गिल्बर्ट घराणं. 1849 मध्ये रेल्वे आली आणि पुढे सातवे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांनी सभ्य लोकांसाठी सभ्य गाव वसवायला घेतलं. जमिनी देताना त्यांनी ज्या अटी घातल्या, त्यांतली एक अशी, की किनाऱ्यावर दुकान चालणार नाही. 1891 मध्ये ते वारले, पण त्यांच्या अटीची छाया आजही त्या रस्त्यावर आहे.

गावं गवंडी बांधतात हे खरं, पण ईस्टबोर्नचा आराखडा करारांच्या मसुद्यांत आधी उभा राहिला. कायद्याच्या इतिहासात त्याला आणखी एक मान आहे. 1925 च्या जमीन नोंदणी कायद्याखाली, घर विकताना मालकीची सरकारी नोंद करणं सक्तीचं झालेलं पहिलं गाव ईस्टबोर्न. तारीख 1 जानेवारी 1926. लंडनमध्ये जुन्या कायद्यानं अशी सक्ती आधीपासून होती. ईस्टबोर्ननंतर 1929 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जची पाळी आली. उरलेल्या देशात ही सक्ती टप्प्याटप्प्यानं पोचायला 1 डिसेंबर 1990 उजाडला. तोवर इतर ठिकाणी प्रत्येक विक्रीच्या वेळी सॉलिसिटरला जुन्या दस्तांचा गठ्ठा उघडून, हे घर कोणाकडून कोणाकडे आलं याची साखळी पुन्हा तपासावी लागे. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात जुने फेरफार उपसणाऱ्या माणसाला या कामाचा कंटाळा आणि त्यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

सॉलिसिटर हा पेशा मुंबईला अनोळखी नाही. 1894 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेत आली आहे. पण मुंबईचा सॉलिसिटर म्हटलं की फोर्टातली पेढी आणि कंपन्यांचे व्यवहार डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडच्या लहान शहरातला सॉलिसिटर आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा जवळचा माणूस असतो. वरच्या न्यायालयांत युक्तिवाद मुख्यतः बॅरिस्टर करतो. अशिलाशी पहिली भेट, कागद आणि पुढची कित्येक वर्षं सॉलिसिटरची. ईस्टबोर्नच्या स्टेशनजवळ गिल्ड्रेज रोड आणि हाईड गार्डन्सच्या परिसरात या कचेऱ्या आहेत. त्यांच्या कामाची यादी घरखरेदीपासून सुरू होते आणि मृत्युपत्र, वारसा, घटस्फोट, भाडेकरूंचे तंटे अशी वाढत जाते.

त्या यादीत मृत्युपत्राला एवढं वजन का, याचं उत्तर गावाच्या वयात आहे. सुमारे एक लाख वस्तीच्या ईस्टबोर्नमध्ये साधारण चौथा हिस्सा माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. आयुष्यभर लंडनमध्ये किंवा मिडलंड्समध्ये नोकरी करायची, निवृत्तीनंतर तिथलं घर विकायचं आणि समुद्राकाठी फ्लॅट घ्यायचा, ही इंग्रज मध्यमवर्गाची जुनी रीत. पण त्या रीतीत माणूस आपली आळी, शेजार, भावंडं मागे ठेवून येतो. मुलं दूर असतात. काही वर्षांत जोडीदार जातो. मग हाती पैसा, डोक्यावर स्वतःचं घर आणि आजूबाजूला फक्त पगारी किंवा नव्यानं ओळख झालेली माणसं अशी स्थिती येते. मला या लेखात सांगायची गोष्ट ही आहे, की अशा गावात, ज्याचा त्या पैशात वाटा नाही असा एक जाणता माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही चैन नाही.

हे समजण्यासाठी ईस्टबोर्नच्याच एका खटल्याकडे जावं लागतं. डॉक्टर जॉन बॉडकिन अ‍ॅडम्स 1922 मध्ये या गावात आले आणि श्रीमंत वृद्धांचे लाडके डॉक्टर झाले. 1956 मध्ये पोलिस तपास सुरू झाला, तेव्हा तब्बल 132 रुग्णांच्या मृत्युपत्रांतून त्यांना काही ना काही मिळाल्याचं पुढे आलं. मार्च 1957 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्यांच्यावर एडिथ मॉरेल या 1950 मध्ये वारलेल्या वृद्ध विधवेच्या खुनाचा खटला उभा राहिला. नर्सेसच्या जुन्या नोंदवह्या बचाव पक्षानं न्यायालयात आणल्या आणि साक्षीदारांच्या आठवणी त्या नोंदींशी जुळेनात. 9 एप्रिलला ज्यूरीनं अवघ्या 44 मिनिटांत त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी ज्यूरीला सांगितलेलं तत्त्व, वेदना कमी करण्यासाठी योग्य उपचार देताना आयुष्य थोडं कमी झालं तरी तो खून नव्हे, वैद्यकीय कायद्यात आजही उद्धृत होतं. त्याच वर्षी अ‍ॅडम्स यांना बनावट प्रिस्क्रिप्शन आणि दहनाच्या अर्जांतली खोटी माहिती यांसाठी मात्र शिक्षा झाली. डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचं नाव काढलं गेलं आणि 1961 मध्ये पुन्हा घातलं गेलं.

खुनाच्या आरोपातून ते सुटले, आणि त्या निकालामागे जाण्याचा माझा हेतू नाही. मला महत्त्वाची वाटते ती मॉरेलबाईंच्या स्थानिक सॉलिसिटरची साक्ष. डॉक्टरांनीच फोन करून सांगितलं होतं, की बाईंना मृत्युपत्राची फार काळजी लागली आहे आणि आजच भेट हवी आहे. पुढे डॉक्टर वेळ न ठरवता कचेरीत आले आणि बाईंनी आपल्याला रोल्स-रॉइस गाडी आणि बँकेत ठेवलेली एक पेटी देण्याचं वचन दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सॉलिसिटरनं बाईंचा मुलगा येईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. या साध्या वाक्यात त्या पेशाचं सगळं मोल आहे असं मला वाटतं. घाई करणारा माणूस कितीही प्रतिष्ठित असो, त्याला थांबवायचं.

इंग्लिश कायद्यानं ही सावधगिरी हळूहळू नियमांत बांधली आहे. 1837 च्या कायद्यानुसार मृत्युपत्रावरची सही दोन साक्षीदारांच्या समोर व्हावी लागते, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही दिलं असेल तर ते देणं बाद होतं. मृत्युपत्र करणाऱ्याचं मन ताळ्यावर आहे का, याची कसोटी 1870 च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या निकालातून आली. आपण काय करतो आहोत, आपल्याकडे काय आहे आणि आपल्यावर कोणाचा हक्क पोचतो, एवढं त्याला उमगलं पाहिजे. 1975 मध्ये न्यायमूर्ती टेम्पलमन यांनी त्यात भर घातली. अशील फार वृद्ध किंवा गंभीर आजारी असेल, तर सॉलिसिटरनं डॉक्टरकडून त्याची मानसिक क्षमता तपासून घ्यावी आणि तसं लिहून ठेवावं. याला तिथले वकील सुवर्णनियम म्हणतात.

प्रत्यक्ष काम यापेक्षा नाजूक असतं. आईला गाडीतून घेऊन आलेल्या मुलीला बाहेर बसायला सांगणं सोपं नसतं. सॉलिसिटर ते सांगतो, दार लावून घेतो आणि होय-नाहीत उत्तर संपणार नाही असे प्रश्न विचारतो. भेट संपली की टिपण लिहितो: कोण आलं होतं, कोण बोललं, आधीच्या मृत्युपत्रापेक्षा काय बदललं आणि का. पुढे वाद झालाच तर हे टिपण मागितलं जातं. 1979 च्या लार्क विरुद्ध न्यूगस या निकालानंतर मृत्युपत्र कोणत्या परिस्थितीत झालं याचं निवेदन सॉलिसिटरनं द्यावं असा प्रघात आहे. कोविडच्या काळात या पेशाची कसोटी लागली. वृद्धाश्रमाचं दार बंद होतं, म्हणून अनेकांनी खिडकीच्या काचेतून सह्या पाहिल्या. त्याला आधार होता 1781 च्या एका निकालाचा. दम्यानं त्रासलेली एक बाई वकिलाच्या तापलेल्या खोलीतून उठून आपल्या घोडागाडीत जाऊन बसली होती. साक्षीदार सह्या करत असताना गाडी अशी मागे आली, की तिला खिडकीतून ते दिसू शकलं असतं, आणि न्यायालयानं तेवढं पुरेसं मानलं.

मृत्युपत्र मरणानंतरचं. त्याआधीची वर्षं जास्त अवघड. 2005 च्या मानसिक क्षमता कायद्यानं, ऑक्टोबर 2007 पासून, माणसाला शुद्धीत असताना आपल्या जागी निर्णय घेणारा कायमचा मुखत्यार नेमता येतो. पैशासाठी एक कागद, आरोग्यासाठी वेगळा. आपल्याकडचं नेहमीचं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की निरुपयोगी होतं. इंग्लंडमधले हे कागद तेव्हाच खरे कामाला येतात. केअर होमचा प्रश्नही त्याच टेबलावर येतो. इंग्लंडमध्ये 23,250 पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर खर्च स्वतःचा, आणि कायमचं राहायला गेलेल्या एकट्या माणसाचं घर त्यात सहसा धरलं जातं. घर आधीच मुलांच्या नावे करून टाकू, असं म्हणणारं कुटुंब प्रत्येक सॉलिसिटरनं पाहिलेलं असतं. खर्च टाळण्यासाठी मालमत्ता काढून टाकली असं स्थानिक प्रशासनाला वाटलं तर ती अजून तुमचीच आहे असं धरून हिशोब होतो, हे त्या कुटुंबाला समजावून सांगावं लागतं.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन मृत्युपत्र लिहिण्यासाठी कोणतीही पात्रता लागत नाही. घरखरेदीचा दस्त किंवा प्रोबेटचे कागद करायला परवाना हवा, मृत्युपत्राला नको. वकिली सेवांच्या नियामक मंडळानं 2013 मध्ये नियंत्रण आणण्याची शिफारस केली, सरकारनं ती नाकारली. सॉलिसिटरला विमा घ्यावाच लागतो, अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, चूक झाली तर दाद मागायला जागा आहे. घरी येऊन स्वस्तात मृत्युपत्र करून देणाऱ्या विनापरवाना माणसाकडे यांतलं काहीच नसलं तरी चालतं. मे 2025 मध्ये लॉ कमिशननं मृत्युपत्राच्या कायद्यात मोठे बदल सुचवले. दबावाचा संशय घ्यायला सबळ कारण असेल तर न्यायालयाला तसा निष्कर्ष काढता यावा, आणि लग्न होताच आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होण्याचा नियम जावा, ही त्यांतली दोन. दुसऱ्या सूचनेमागे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी गुपचूप लग्न लावून वारस बनणाऱ्यांचे प्रकार आहेत.

आणि समुद्राकडे तोंड केलेल्या गावाला एक पाठही असते. जुन्या गेस्टहाउसांच्या खोल्या करून तिथे भाड्यानं राहणारी, हंगामी कामावर जगणारी माणसं म्हातारी नाहीत, श्रीमंत तर नाहीतच. त्यांच्यासाठी 1949 च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील देण्याची सोय केली होती. 1 एप्रिल 2013 पासून कौटुंबिक तंटे, सरकारी भत्ते, नोकरीचे वाद यांतले बहुतेक विषय त्या सोयीतून वगळले गेले. उरलेल्या दिवाणी कामाचे दर 1996 पासून वाढले नव्हते, उलट 2011 मध्ये 10 टक्के कापले गेले. लहान पेढीला ते काम परवडेना. 2023 मध्ये ईस्टबोर्नच्या नगरपालिकेनं सांगितलं, की तिला करातून मिळणाऱ्या प्रत्येक पौंडातला जवळपास निम्मा बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर जातो. घर जाण्याआधी एक चांगलं पत्र लिहिणारा वकील किती स्वस्त पडला असता, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. ऑगस्ट 2023 पासून घर खाली करण्याची नोटीस आलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर सल्ला मिळतो आणि सुनावणीच्या दिवशी न्यायालयात वकील उभा राहतो. ही योजना चालवायला पेढ्या मात्र त्या त्या जिल्ह्यात शिल्लक असाव्या लागतात.