पातेल्याकडून पत्रावळीकडे

आमच्या लहानपणी पंगत उठली की पत्रावळी गुंडाळून उकिरड्यावर जात. पुढे स्टीलची ताटे आली आणि त्यांच्याबरोबर मागच्या अंगणातली राख, नारळाची शेंडी आणि बायकांच्या वाकलेल्या कमराही आल्या. औषधांच्या कारखान्यात मात्र मी नेमका उलटा प्रवास पाहिला. तिथे आधी स्टील होते, पत्रावळ मागाहून आली!

कर्करोग, संधिवात यांवरची अनेक नवी औषधे रसायने मिसळून होत नाहीत. ती जिवंत पेशींकडून करवून घ्यावी लागतात. १९५७ साली चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून काढलेल्या पेशींचा वंश या कामी फार वापरला जातो. या पेशींचे लाड फार! ३७ अंशांची ऊब, मोजका प्राणवायू आणि गोड, खारट पोषक द्रव. पेशी दिवसाकाठी जेमतेम दुप्पट होते, तर जिवाणू अर्ध्या तासात. म्हणजे एक जिवाणू शिरला तरी खेळ खलास.

म्हणून आमची पोलादी टाकी प्रत्येक खेपेनंतर कॉस्टिकने, आम्लाने, शुद्ध पाण्याने धुवायची आणि १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करायची. तरीही एका रात्रपाळीत प्राणवायूचा काटा झरझर खाली आला. एका झडपेच्या वायसरमागे घाण राहिली होती. अकरा दिवसांची मेहनत आम्ही उकळून गटारात सोडली. या औषधाची कुणीतरी वाट पाहत असेल, या विचाराने त्या सकाळी डबा उघडवला नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेत विजय सिंग यांनी वेगळीच वाट काढली. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली प्लॅस्टिकची पिशवी उशीसारखी फुगवून झुलत्या फळीवर ठेवायची. आतल्या लाटांनीच द्रव ढवळला जातो. काम झाले की पिशवी टाकून द्यायची. आज ढवळणी बसवलेल्या २००० लिटरच्या पिशव्याही मिळतात.

त्यातच भर पडली अखंड पद्धतीची. शाळेतले हौदाचे गणित आठवा: एका नळाने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. इथे ताजे पोषण आत येते, औषध असलेला जुना द्रव बाहेर जातो आणि बारीक नळ्यांची गाळणी पेशींना आतच अडवते. दोन आठवड्यांत आटोपणारी खेप महिना-दीड महिना चालते. लहान पिशवी मोठ्या टाकीचे काम करते. मात्र तेवढे सगळे दिवस सोवळे पाळावे लागते. पिशवीला सुईएवढे भोक पडले तरी सारे मुसळ केरात!

माझा पुतण्या आता याच कामात आहे. परवा म्हणाला, "काका, तुमच्यासारखी घासाघीस नाही आता आम्हाला."

खरे आहे. पाणी, वाफ, कॉस्टिक वाचते. पण प्लॅस्टिकचा ढीग बहुधा जाळावाच लागतो. शिवाय मार्च २०२१ मध्ये, ऐन करोनात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे आदर पूनावाला यांना जाहीरपणे सांगावे लागले, की अमेरिकेच्या निर्बंधांमुळे लसनिर्मितीच्या पिशव्या आणि फिल्टर मिळणे अवघड झाले आहे.

मी पुतण्याला एवढेच म्हणालो, "बाळा, आमची पत्रावळ परसातल्या पानांची होती. तुमची पाने कुठल्या रानातून येतात, तेवढे बघून ठेवा."