अंधार, राळ आणि राक्षस

पालघर जिल्ह्यातील मोखाडा-जव्हार परिसराच्या बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे घातलेली सोंगे टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर लोकांच्या मधून नाचत येतात, तर किनारी कर्नाटकातील यक्षगानात राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाची पूड, उधळण्याची परंपरा आहे. राळेचा खडा संथ जळतो, पण पूड हवेत पसरली की प्रत्येक कणाला भोवतालचा प्राणवायू एकदम मिळतो आणि क्षणभर मोठी ज्वाळा उठते.

त्या ज्वाळेचा खरा परिणाम ती विझल्यावर सुरू होतो. डोळ्याच्या पडद्यावरील दंडपेशी, म्हणजे मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी, ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतात. लख्ख उजेडाने ते काही अंशी विघटित होते आणि ते भरून येईपर्यंत मूळचाच अंधार अधिक दाट भासतो. शिवाय दृष्टीच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसल्यामुळे काळोखात टक लावून पाहिलेली आकृती विरून जाते, कडेची हालचाल तेवढी जाणवते. भयनाट्याला याहून उत्तम साह्य कोणते असणार?

बेळगावजवळच्या मच्छे येथे असा प्रयोग उभा करायचा झाल्यास औद्योगिक वसाहतीचे आणि खानापूर रस्त्याचे दिवे ही पहिली अडचण ठरेल, म्हणून झाडांच्या आडोशाची जागा निवडून प्रेक्षकांचे डोळे अंधाराला सरावण्यासाठी 20 ते 30 मिनिटे राखून ठेवणे अगत्याचे आहे. राळ मात्र कसलेल्या हातांनीच, वाऱ्याची दिशा पाहून आणि वाळलेल्या गवतापासून दूर उधळावी.