नोकरीच्या वाटेवरची ग्रंथालये

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा ही तिथली नावे नुसती वाचली तरी कळते की इथे एके काळी काम शोधायला कुणाला दारोदार फिरावे लागत नसे. काम घराण्यातून येई. बाप तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करी आणि शेजारी बसलेला मुलगा हातोडीचा ठोका कसा पडतो ते पाहत पाहत कारागीर होई. त्याला जाहिरात, अर्ज किंवा मुलाखत यांपैकी कशाचीच गरज पडत नसे. आता या आळ्यांमधली बहुतेक मुले नोकरी शोधतात, आणि त्यांच्या बरोबरीने बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेली मुलेही याच पेठांत खोल्या घेऊन तेच करतात. घरात काम नाही आणि शहरात ओळख नाही अशा मुलासाठी फारसे पैसे न मागणारी एक जागा पुण्यात आहे. ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय.

कसब्यातून निघावे, शनिवारवाड्यावरून बाजीराव रस्त्याला लागावे, की अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची दुकाने सुरू होतात. पुढे विश्रामबागवाडा लागतो. तिथून लक्ष्मी रस्त्याने गेले की बुधवार पेठेत पुणे नगर वाचन मंदिर आहे, आणि पलीकडे नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय. सगळा रस्ता पायी फिरण्याजोगा आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी कसबा पेठेचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले, तेव्हापासून पिंपरीकडच्या उमेदवारालाही ही वाट जवळ आली.

या वाटेला जुना इतिहास आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ मध्ये ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख तिच्या स्थापनेत पुढे होते. त्याच वर्षी ‘प्रभाकर’मध्ये त्यांची ‘शतपत्रे’ येऊ लागली, आणि त्याच वर्षी भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पेशवाई जाऊन तीस वर्षे झाली होती. सरदारांच्या पदरी मिळणारे काम संपले होते आणि कचेरीतले काम सुरू झाले होते. त्यासाठी शिक्षण, वर्तमानपत्र आणि जगाची माहिती लागे. वाचनालय हे तेव्हापासून या शहरात ज्ञानाचे ठिकाण होते, तसेच रोजगाराकडे जाणारे एक दारही होते. १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालय उभे राहिले. मुंबई प्रांताच्या सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने मुंबईत मध्यवर्ती आणि भाषावार विभागांत विभागीय ग्रंथालये असावीत असे सुचवले. त्यातून मराठी भागासाठी पुण्याला शासकीय विभागीय ग्रंथालय मिळाले. विश्रामबागवाड्याशी त्याचे नाव दीर्घकाळ जोडले गेले. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरली आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळला. पुढे नोकरीच्या तयारीची पुस्तके मागायला मुले इथेच येऊ लागली.

आज ‘लायब्ररीत जातो’ असे पेठांमधला उमेदवार म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला अभ्यासिका म्हणायची असते. महापालिकेच्या, ग्रंथालयांच्या, गणेश मंडळांच्या आणि खासगी अशा सगळ्या तऱ्हेच्या अभ्यासिका या भागात आहेत. लाकडी फळ्यांनी आखलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यावर दिवा आणि चार्जिंगची सोय, भिंतीवर ‘शांतता राखा’. कप्प्यात चिकटवलेले वेळापत्रक आणि समोर महाराष्ट्राचा नकाशा. सकाळी लवकर येऊन जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी चहाच्या टपरीवर चालू घडामोडींची उजळणी. खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे भाडे हजाराच्या घरात किंवा त्याहून जास्त जाते. खोलीभाडे, मेस आणि क्लास भागवून ते देणे जड जाते, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयातल्या स्वस्त जागेसाठी रांग लागते. मुलींसाठी तर दिवे चालू असलेली, माणसांत असलेली, उशिरापर्यंत बसता येईल अशी जागा मिळणे हीच मोठी सोय.

या गर्दीमागचे गणित साधे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचेही तसेच. जागा हजाराच्या आसपास, अर्ज दहा लाखांच्या आसपास. परीक्षा पुढे गेली की खोलीभाडे महिन्याने वाढते. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली आणि नवी पेठेतली मुले अभ्यासिकांमधून उठून रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या, तेव्हा पुन्हा तेच घडले. अभ्यासिका इथल्या तरुणांच्या आयुष्यात किती मुरली आहे, हे त्या दोन्ही वेळी शहराला दिसले.

पण अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. खुर्ची, दिवा आणि शांतता एवढेच हवे असेल तर ते मंगल कार्यालयातही मिळू शकेल. ग्रंथालयाकडे आणखी पुष्कळ काही असते, आणि नोकरी शोधणाऱ्याने ते मागितले नाही तर ते कपाटातच राहते.

पहिली गोष्ट मुक्तद्वार वाचनकक्षाची, म्हणजे वर्तमानपत्रांच्या टेबलाची. इथे सभासदत्व लागत नाही. सेवानिवृत्त वाचक अग्रलेख वाचत असतो आणि त्याच्या शेजारचा पोरगा जाहिरातींचे पान. केंद्र सरकारचे ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक १९७६ पासून निघते. मराठी दैनिकांत बँका, सहकारी संस्था, शिक्षण संस्था, रुग्णालये यांच्या छोट्या जाहिराती येतात, आणि त्या सगळ्याच मोबाइलवर सापडतात असे नाही. जाहिरात वाचणे हीसुद्धा एक कला आहे. पदसंख्येच्या तक्त्यात आपल्या प्रवर्गाला किती जागा, त्यात समांतर आरक्षण कुठले, वयाची गणना कोणत्या तारखेला, पदवीचा निकाल कधीपर्यंत लागलेला हवा, अनुभव कशाचा धरणार, नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र कोणत्या वर्षाचे चालेल, हे बारकावे तिथेच असतात. पुष्कळ अर्ज परीक्षेत नव्हे, इथेच बाद होतात. टेबलावर बसून दोघातिघांनी मिळून जाहिरात वाचली तर या चुका टळतात.

दुसरी गोष्ट संदर्भ विभागाची. क्लासच्या नोट्स या बहुधा दुसऱ्या नोट्सवरून उतरवलेल्या असतात. मूळ मजकूर संदर्भ विभागात असतो. बालभारतीची क्रमिक पुस्तके, राज्याची दरवर्षीची आर्थिक पाहणी, ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’चे अंक, जिल्हा गॅझेटिअर, राज्यघटना आणि मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. कुठल्याही विषयाची नीट सुरुवात करायला तो आजही उपयोगी पडतो. भाषा संचालनालयाचा ‘पदनाम कोश’ही इथेच चाळावा. सरकारी पदांची मराठी नावे पाहिली की आपण ज्या खुर्चीसाठी अर्ज करतो ती कशाची, याचा निदान अंदाज येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांतून उत्तर निवडायची सवय लागलेल्या मुलांना पानभर सरळ मराठी लिहावे लागणार. त्यासाठी गाइडांपेक्षा दुर्गा भागवत, इरावती कर्वे, नरहर कुरुंदकर यांचे लेखन वाचलेले अधिक उपयोगी, आणि ही पुस्तके ज्या कपाटात आहेत त्याच्याकडे पाठ करूनच बहुतेक उमेदवार बसलेले असतात.

तिसरी गोष्ट सरकारी नोकरीबाहेरची. पुण्यात कारखाने आहेत, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, रुग्णालये आणि शाळा आहेत. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स १९३४ पासून इथल्या उद्योगांची संस्था म्हणून काम करते. मुलाखतीला जाण्याआधी कंपनी काय बनवते, तिचे कारखाने कुठे आहेत, धंदा वाढतो आहे की घटतो आहे, हे आर्थिक दैनिकांच्या मागच्या अंकांतून आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातून तासाभरात कळते. ‘आमच्याबद्दल काय माहिती आहे?’ या प्रश्नावर गप्प बसणाऱ्या उमेदवारात आणि दोन नेमकी वाक्ये बोलणाऱ्यात त्या एका तासाचाच फरक असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यांत विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. आयटीआय झालेल्या मुलालाही हे पुष्कळदा उशिरा कळते.

कसब्याच्या दृष्टीने याचे एक चांगले उदाहरण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय धरले आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, तसेच अवजारांसाठी १५ हजार रुपये, अशी तिची रचना आहे. कुंभारवाड्याला आणि शिंपी आळीला ती थेट लागू पडते, कारण कुंभार आणि शिंपी हे दोन्ही व्यवसाय यादीत आहेत. तांबटकामाचे नाव मात्र त्या अठरांत स्वतंत्रपणे नाही. ही गोष्ट टपरीवर कळत नाही, मूळ यादी वाचूनच कळते. आणि मूळ यादी कुठे वाचायची हे सांगणारा माणूस ग्रंथालयात असायला हवा.

अर्ज आता ऑनलाइन झाले आहेत. राज्याचे महास्वयम्, केंद्राचे २०१५ पासूनचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल, प्रत्येक भरतीचे वेगळे संकेतस्थळ, आणि प्रत्येकासाठी ठरावीक मापाचे छायाचित्र आणि सही. मोबाइलवर हे सगळे करताना बोट चुकते. सायबर कॅफेवाला अर्ज भरून देतो, पण पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. ग्रंथालयात दोन संगणक, एक स्कॅनर आणि जरा मदत करणारा कर्मचारी असेल तर हा खर्चही वाचतो आणि धोकाही टळतो. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी नेमके हेच केले. नोकरी गेलेल्यांना परिचयपत्र लिहायला, ऑनलाइन अर्ज भरायला आणि मुलाखतीची तयारी करायला त्यांनी मदत केली. तिथे ही परंपरा जुनी आहे. गिरणीत आणि तारऑफिसात राबणाऱ्या पोरवयीन अँड्र्यू कार्नेगीला एका गृहस्थाने आपली पुस्तके वाचायला खुली केली. पुढे पोलादात श्रीमंत झालेल्या कार्नेगीने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसे दिले. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले आणि गावोगावी वाचनालये नेली. ग्रंथालय चालते ते ग्रंथपालावर, ही गोष्ट त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळली होती.

महाराष्ट्रात अडते ते इथेच. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, देशात सर्वांआधी, ग्रंथालयाचा कायदा केला. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ यांच्यासारखा ग्रंथालय उपकर मात्र आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे सगळी भिस्त सरकारच्या अनुदानावर. ते अनुदान अनेकदा उशिरा येते, आणि त्यातूनच पुस्तके, वीज आणि पगार भागवायचे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी अशी शिफारस व्यंकप्पा पत्की समितीने केली होती. ती मागणी आजही मोर्च्यांच्या फलकांवर आहे. दुसऱ्याला नोकरी मिळवून देणाऱ्या टेबलामागचा माणूस स्वतः तुटपुंज्या मानधनावर बसलेला असतो, ही आपल्या व्यवस्थेतली लाजिरवाणी गोष्ट आहे.

महापालिका, नगरसेवक आणि मंडळे यांना अभ्यासिका बांधणे आवडते. उद्घाटन होते, नावाची पाटी लागते. तिथे शिकलेला ग्रंथपाल नेमण्याची पाटी मात्र कुणी लावत नाही. म्हणून मागणी एवढीच करावी: यापुढे पेठेत जी अभ्यासिका होईल तिथे खुर्च्यांची संख्या ठरवण्याआधी एका पगारी ग्रंथपालाची जागा मंजूर व्हावी. आणि तोवर, ज्या ग्रंथालयात असा माणूस आजही आहे तिथे, उमेदवाराने कप्पा धरण्याआधी त्याच्या टेबलाशी थांबावे, आपल्याला कसले काम हवे आहे ते सांगावे आणि मदत मागावी.